बोरमिरचीचं बी

वऱ्हाडातल्या माणसानं अंगणात गोड मिरची लावली तर गल्ली चार दिवस हसते. आमच्या अमरावतीच्या गल्लीनं आठ दिवस घेतले. समोरच्या काकूंनी तर फाटकाशी उभं राहून विचारलं, "मुळाशी साखरेचं पोतं रिकामं केलं का वं?" मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे लोक मला आधीच अतिशहाणी समजतात. गोड मिरचीनं त्यात भर पडली.

रोपं मी अकोल्याहून आणली होती. माझा धाकटा भाऊ तिथे राहतो. त्याच्याकडून परतताना कढीपत्त्याचं झाड घ्यायला एका नर्सरीत थांबले, तर नर्सरीवाल्यानं माझ्या हातावर एक मिरची ठेवली. लाल, चकचकीत, बोराएवढी गोल. "खाऊन पाहा मॅडम. पाणी मागावं लागलं तर कढीपत्ता फुकट," म्हणाला. मी खाल्ली. आधी गोड लागली, मग जिभेच्या टोकाला बारीकसा चिमटा बसला आणि लगेच विरून गेला. कढीपत्ता राहिला आणि मी मिरचीची सहा रोपं घेऊन आले.

नमुन्याची एक मिरची पिशवीत होती. आईनं ती डोळ्यांजवळ नेऊन फिरवून पाहिली.

"हे मिरची हाय का बोर?"

"मिरची हाय. गोड हाय."

"तिखट नाई त मिरची कायची?" असं म्हणून तिनं ती तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि नाव ठेवून टाकलं: बोरमिरची. पुढे आमच्या घरात तेच चाललं.

आई आमच्याकडे राहायला येऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वडील गेल्यावर अकोटजवळचं शेत भावानं मक्त्यानं दिलं आणि गावातलं घर बंद केलं. भावाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिथे तिनं दोन महिने कसेबसे काढले आणि एक दिवस म्हणाली, "अठी पायाले माती लागत नाई." आमच्या घराला मागेपुढे थोडी जागा आहे म्हणून ती माझ्याकडे आली. पण लेकीच्या घरी राहणं तिच्या पिढीला जड जातं. जावई समोर आले की ती अजून पदर सावरते, आणि काहीतरी काम हातावेगळं केल्याशिवाय पानावर बसत नाही. मी आणि हे दोघंही दिवसभर नोकरीवर. वर्षभर तिनं लख्ख भांडी पुन्हा घासली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. मी वैतागायचे.

बोरमिरचीनं तिला काम दिलं. दक्षिणेच्या भिंतीलगत तिनं सहा आळी केली. ओळीच्या शेवटी, नळाजवळ, आमची लवंगी मिरचीची मोठी कुंडी होती. ह्यांना जेवताना ठेचा लागतोच, म्हणून ती कुंडी आमच्या घरात तुळशीच्या खालोखाल मानाची. दिवाळीनंतर बोरमिरच्या पिकू लागल्या आणि एकेका झाडाला इतक्या लागल्या, की काठ्या बांधाव्या लागल्या. भाजीत घातल्या तर नवरा म्हणाला, "भाजीत बोरं कोणी टाकली?" तेव्हा लोणचं घालायचं ठरलं.

यावर आमचं भांडण झालं. मी व्हिनेगर, साखर आणि मीठ उकळून त्यात मिरच्या घालणार होते. आईचं म्हणणं, तेल नाही ते लोणचं नाही. "सिरक्यात बुडवली मिरची. तिले काय लोणचं म्हनते?" शेवटी तह झाला. पाणी माझं, वरची तयारी तिची. तिनं मिरच्या धुऊन पंच्यावर पसरल्या, एकेक पुसली, देठाकडून चकती कापून आतलं बी चमच्याच्या दांड्यानं काढलं. मोहरी आणि मेथी कोरडी भाजून भरडली. मी बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्या होत्या, तेवढं पुरेसं होतं. पण तिनं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्त्रीवाल्याकडून दोन पेटते कोळसे वाटीत आणवले, त्यावर हिंग टाकला आणि प्रत्येक बाटली उपडी धरून धुरी दिली. "बुरशी येत नाई," म्हणाली. सगळ्या घराला हिंगाचा वास लागला. बुरशी मात्र खरंच आली नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाण म्हणून याच बाटल्या दिल्या. हळदीकुंकू असलं की आई आपणहून आत जाऊन बसायची. वडील गेल्यापासून तिनं तसं ठरवूनच टाकलं होतं आणि मी वाद घालून थकले होते. पण त्या दिवशी बाटली उघडून चाखलेली एक बाई उठून थेट स्वयंपाकघरात गेली. "आजी, याच्यात मेथी किती टाकली?" तिच्यामागे दुसरी गेली. अर्ध्या तासानं सात-आठ बायका ओट्याशी उभ्या होत्या आणि मध्ये माझी आई पाटावर बसून हिंगाची धुरी कशी द्यायची ते सांगत होती. मला फार बरं वाटलं. मी बाहेर एकटी बसले होते, तरी.

लोणच्याच्या मिरच्यांतलं बी तिनं फेकलं होतं. ते बियाण्याचं नव्हतं. बियाण्यासाठी तिनं प्रत्येक झाडावर दोन-दोन फळं खूण करून ठेवली होती, ती वाळायला लागल्यावरच तोडली. गावात कोणाला वांग्याचं, वालाचं, दोडक्याचं बी हवं असलं, की बाया आमच्या दारात यायच्या. तिच्याकडचं बी उगवलं नाही असं झालं नव्हतं, आणि हे मी लेक म्हणून सांगत नाही. ती बी सावलीत वाळवते, राखेत घोळवते, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधते आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. शहरात चूल नाही, म्हणून राखही इस्त्रीवाल्याकडचीच. डब्यात वीसेक पुरचुंड्या, कशावर नाव नाही. मी एकदा चिठ्ठ्या लावू का विचारलं, तर म्हणाली, "माह्या लुगड्याचे तुकडे मी नाई ओळखन काय?"

दुसऱ्या वर्षी तिनं त्याच बियाची रोपं केली. दहा झाडं झाली. फळं धरली तेव्हा काही झाडांची थोडी लांबट, टोकदार वाटली होती. मी पाहिलं आणि सोडून दिलं. चाखायचं काम माझ्याकडे होतं. मी फाटकाजवळच्या झाडाच्या दोन मिरच्या खाल्ल्या, गोड निघाल्या, आणि सगळं पीक पास केलं. दहा झाडांची परीक्षा दोन मिरच्यांवर. हे माझ्या वर्गातल्या कोणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

संक्रांतीला पुन्हा बाटल्या वाटल्या. या वेळी आई आत गेलीच नाही, पहिल्यापासून बाहेर बसली. तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. वर्षभर ज्या बायकांचा फोन येत नाही त्यांचेही आले. एकीच्या सासऱ्यांना ठसका लागून पाठ चोळावी लागली. एकीची पुण्याची सून गोड मिरची म्हणून दोन एकदम खाऊन अर्धा तास नळाखाली तोंड धरून बसली. समोरच्या काकू फाटकाशी आल्या आणि आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हातारपनी होते बाप्पा असं. लवंगीचं बी त्याच्यात मिसळलं असन."

मला ते खरं वाटलं होतं.

पुरचुंड्यांवर नावं नव्हती, आणि लवंगीचं बीही त्याच डब्यात होतं. शिवाय महिनाभरापूर्वी आईकडून दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि बटण तसंच राहिलं होतं. एकच गोष्ट ती दोनदा विचारायची. दूध माझंही उतू जातं. तेव्हा मी म्हणते, आज फार घाई झाली. तिचं उतू गेलं तेव्हा मी म्हणाले, आईचं विसरणं वाढलंय. भावाला फोन केला. तो घाबरला. म्हणाला, "दिवसभर ते एकटी असते घरी. काही झालं तर? अकोल्याले आण, आमी दिवसभराची बाई लावू." डॉक्टरांना दाखवायचं आणि मग तिला त्याच्याकडेच ठेवायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. म्हणजे पुन्हा तिसरा मजला. त्या दिवसापासून मी शाळेत जाताना सिलिंडरचं बटण बंद करून जाऊ लागले.

आईला ते पहिल्याच दिवशी कळलं. संध्याकाळी मी आले तर चहाचं पातेलं कोरडंच होतं. दुपारी चहा झाला नव्हता एवढंच. दोन दिवसांनी तिनं बियाण्याचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला.

"हे तूच ठेव आता. तुह्या चिठ्ठ्या लाव."

"काऊन?"

"माह्या हातून मिसळते म्हनता ना."

तिनं भांडावं असं मला फार वाटलं. ती भांडली असती तर मी जिंकले असते आणि मला बरं वाटलं असतं. ती नुसती उठून गेली. मी डबा कपाटात वर ठेवला आणि चिठ्ठ्या काही लावल्या नाहीत. कारण कोणत्या पुरचुंडीत काय आहे ते मला ओळखता येईना.

फेब्रुवारीत एका शनिवारी आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं तिला वार विचारला, महिना विचारला, वीस रुपयांतून तीन रुपये वजा करायला लावले, आणि तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. तिनं आंबा सांगितला, नदी सांगितली, तिसरा काही आठवेना. तिसरा शब्द खुर्ची होता. आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या बाईला खुर्ची आठवली नाही. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं ठीक आहे, काळजीचं दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. पण भावाच्या आणि माझ्या मनात निकाल आधीच लागला होता. होळी झाली की तिला अकोल्याला आणायचं ठरलं. आई समोरच बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "गॅलरीत कुंड्या ठेवता येईन का?"

दुपारी ती आडवी झाली आणि मी नर्सरीत गेले. एका डबीत तिखट निघालेल्या चार मिरच्या नेल्या होत्या. आईनं बी मिसळलं, आता नवीन रोपं कधी मिळतील, एवढंच विचारायचं होतं. नर्सरीवाल्यानं मिरची हातात घेतली, नखानं फोडली, वास घेतला.

"मॅडम, ही लवंगी नाही."

"तिखट जाळ आहे."

"असेल. पण लवंगी अशी खांद्यात फुगत नाही. आणि गोल म्हणावी तर टोक आलंय. बी मिसळलं असतं तर लवंगीच्या बियाची सरळ लवंगी लागली असती. ही दोघांच्या मधली आहे. मागच्या वर्षी शेजारी काय होतं?"

नळाजवळची कुंडी माझ्या डोळ्यांसमोर आली.

"मधमाश्या फिरतात, मुंग्याही फिरतात. इकडचा पराग तिकडे. फळ त्या वर्षी गोडच लागतं, बी मात्र बदलतं. पुढच्या वर्षी कळतं," तो मला समजावून सांगत होता. दरवर्षी मी फळ्यावर फूल काढते. पुंकेसर, स्त्रीकेसर, एका फुलावरून दुसऱ्याकडे जाणारा बाण. पेपरात पाच गुणांना हमखास येतं म्हणून मुलांकडून घोटून घेते. हा माणूस ते मला कुंड्यांच्या मध्ये उभा राहून शिकवत होता, आणि मी मान हलवत होते.

पण मला लाज वाटली ती त्यामुळे नाही. कुंडी डोळ्यांसमोर आली तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. पहिल्या वर्षी फुलं धरायला लागली तेव्हा आई आळ्यात खुरपं घेऊन बसली होती आणि मी शाळेत निघाले होते, पायात चप्पल. ती म्हणाली होती, "अवं, ते लवंगीची कुंडी अठून उचल. बियाची झाडं येगळी रायते. मले ते उचलत नाई." मी म्हणाले होते, हो, आल्यावर उचलते. आल्यावर मी विसरले. दुसऱ्या वर्षीही ती कुंडी तिथेच होती. सगळ्या घरात विसरलेली बाई मी होते, आणि डॉक्टरकडे मी तिला नेलं होतं.

परतीची एसटी मूर्तिजापूरला दहा मिनिटं थांबते. आईनं पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलायला घेतलं. मी तिला तिथे सांगितलं. नर्सरीवाला काय म्हणाला ते, कुंडीचं, आणि मी विसरले ते. आवाज खाली ठेवून सांगितलं, कारण मागच्या सीटवर शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. तेव्हाही मला लोकांची पडली होती, हेही लिहून टाकते.

आईनं संत्र्याच्या फोडीवरचे दोरे काढले. एक फोड मला दिली.

"म्हंजे म्या खरंच सांगतलं होतं?"

"हो."

"मले वाटे सांगतलं होतं. पन तुमी सारे म्हनत होते, मंग मले वाटलं, मनातच म्हनलं असन. तोंडानं म्हनलंच नसन." तिनं संत्र्याची सालं पिशवीत टाकली. "लय भेव वाटलं वं मले. रातच्याले पडल्या पडल्या मी साऱ्या पुरचुंड्या मोजो, कोनत्या लुगड्यात काय बांधलं. साऱ्या ध्यानात याच्या. तरी वाटे, आपल्याले आठवते असं वाटते, खरं काही येगळंच असन."

मला रडू आलं. तिनं मला आणखी एक फोड दिली आणि म्हणाली, "खाय. गोड हाय."

घरी पोचल्यावर मी आधी भावाला फोन केला की आई कुठेही येणार नाही. तो बराच वेळ वाद घालत होता. मी थोरली आहे, मी फोन ठेवला. मग कपाटातून डबा काढून तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकण उघडलं, पुरचुंड्या एकेक करून बाहेर काढल्या आणि माझ्याकडे न पाहता सांगत गेली. हिरवा काठ म्हणजे वाल. जांभळा तुकडा दोडका. वडिलांच्या धोतराचं पांढरं फडकं, ते वांगं. लवंगी पिवळ्या ठिपक्यांत, बोरमिरची लाल चौकड्यात. एकही चुकली नाही, किंवा चुकली असली तरी मला कळलं नसतं. लाल चौकड्याची पुरचुंडी तिनं बाजूला काढली. "हे फेकून दे. नवीन रोपं आनू, त्याच्यापासून धरू."

"आनू."

"पन आधी ते कुंडी उचल."

कुंडी अजून तिथेच होती, नळाजवळ. मी साडीचा पदर खोचला आणि तिला हात घातला, पण ती हलेना. तळाच्या भोकातून मुळं खाली जमिनीत गेली होती. खुरप्यानं ती तोडावी लागली, मग एक हिसका देऊन मी कुंडी पोटाशी धरली आणि मागच्या बाजूला, मोरीपलीकडे नेऊन ठेवली. परत आले तर आई ओट्याशी उभी होती. तिनं सिलिंडरचं बटण आपल्याच हातानं सुरू केलं होतं आणि चहाचं आधण चढवलं होतं.

"सांगतलं होतं ना मी तुले?"

"हो. तुनं सांगतलं होतं."

तिनं साखर टाकली, पत्ती टाकली, आणि पुन्हा विचारलं.

"सांगतलं होतं ना?"

ती विसरली नव्हती. मी पुन्हा सांगितलं.